कराटेचा वर्ग आणि मुक्कामी एस. टी.

२०२३ च्या जून महिन्यात नऊ दिवसांच्या अंतराने पुणे जिल्ह्यातील दोन घटनांनी महाराष्ट्र हादरला. १८ जून रोजी राजगडाच्या पायथ्याशी, वेल्हे तालुक्यात, एका तरुणीचा मृतदेह सापडला. ती लोकसेवा आयोगाची वनसेवेची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झाली होती. तिच्या खुनाच्या आरोपावरून पोलिसांनी तिच्या परिचयातल्याच एका तरुणाला अटक केली. २७ जून रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत दिवसाढवळ्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीवर कोयत्याने हल्ला झाला. हल्लेखोर याही वेळी ओळखीचाच होता. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात राहणारे तरुण धावून गेले, त्यांनी कोयता धरला, म्हणून ती वाचली.

या दोन घटनांनंतर भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत जी चर्चा झाली, तिचे दोन सूर होते. एक सूर मोठ्याने उमटला: मुलींना कराटे शिकवा. सभांतून, फलकांतून, पुढाऱ्यांच्या निवेदनांतून तो ऐकू आला. त्याच वर्षी राज्य शासनानेही राजमाता जिजाऊंच्या नावाने युवतींसाठी स्वसंरक्षणाची मोजक्या दिवसांची शिबिरे योजली. दुसरा सूर घराच्या आतला, दबका होता: पोरीला कॉलेजला पाठवायचेच कशाला? हा दुसरा सूर कोणत्याही निवेदनात येत नाही. पण मुलीच्या आयुष्याचा निकाल बहुधा तोच लावतो. म्हणून महाविद्यालयात गेलेल्या मुलीने कराटे, ज्युडो किंवा तायक्वांदोच्या वर्गाला जावे की नाही, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. केवळ छंदाचा तर तो मुळीच नाही. त्याच्या उत्तरावर पुष्कळदा मुलीचे शिक्षण टिकते किंवा तुटते.

प्रथम हिशेब मांडावा. मावळातल्या भातखाचरांवर जगणाऱ्या कुटुंबातील मुलगी बारावीनंतर भोरला, नसरापूरला किंवा थेट पुण्याला शिकायला जाते. तिचा दिवस एस. टी.च्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. हिर्डोशीच्या किंवा भुतोंड्याच्या बाजूची मुलगी असो की वेल्ह्याच्या पलीकडे केळदच्या वाटेवरची असो, सकाळची गाडी आणि संध्याकाळची मुक्कामी गाडी या दोन खुंट्यांमध्ये तिचे शिक्षण अडकवलेले असते. मुक्कामी गाडी चुकली तर फाट्यावर उतरून अंधारात चालणे किंवा कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून जाणे, एवढेच पर्याय उरतात. कराटेचे वर्ग बहुधा शहरातल्या मुलांच्या सोयीने, संध्याकाळी सहानंतर भरतात. म्हणजे स्वतःचे रक्षण शिकण्यासाठी मुलीने आधी सुरक्षित गाडी सोडावी आणि असुरक्षित वाटेने घरी परतावे, अशी ही योजना आहे. अर्थशास्त्रात ज्याला संधित्यागाची किंमत म्हणतात, ती या उदाहरणाइतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

त्यावर फी आली, गणवेश आला, प्रत्येक पट्ट्याच्या परीक्षेचे वेगळे शुल्क आले. जुलैत भातलावणीला घरातले हात कमी पडतात, तेव्हा वर्ग बुडतो. पाय मुरगळला तर दवाखान्याचा खर्च आणि आईची बोलणी वेगळी. शहरी मध्यमवर्गाला यातली एकही गोष्ट अडथळा वाटणार नाही. ज्या घरात मोठ्या मुलीने शिरवळच्या किंवा खेड-शिवापूरच्या कारखान्यात कामाला जावे की धाकटीने बी. ए. पुरे करावे, याची निवड करावी लागते, त्या घरात यातली प्रत्येक गोष्ट अडथळाच आहे.

शासनाच्या मदतीचा नकाशा येथे पाहण्यासारखा आहे. ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेत एस. टी.चा प्रवास मोफत आहे, पण बारावीपर्यंत. समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शासकीय शाळांतील मुलींना तीन महिन्यांचे आत्मसंरक्षणाचे शिक्षण देण्याची तरतूद आहे, तीही सहावी ते बारावीपर्यंत. बारावीनंतर प्रवासाला सवलतीचा मासिक पास उरतो आणि आत्मसंरक्षणाला खाजगी वर्ग उरतो. मुलगी गावाबाहेर पडते, अनोळखी शहरात वावरू लागते, नेमक्या त्याच उंबरठ्यावर दोन्ही हात मागे घेतले जातात. राण्यांची नावे योजनांना देण्यात राज्यकर्त्यांनी कधी कुचराई केलेली नाही. खुद्द वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ साली झाला. त्या नावाचा अभिमान कोणालाही वाटावा. मात्र नामांतराने केळदच्या गाडीची एक फेरीही वाढत नाही, हेही ध्यानात असावे.

आता मुख्य मुद्दा. हे वर्ग उपयोगाचे आहेत काय?

कराटेची जाहिरात पाहिली तर तीत नेहमी एक अंधारी गल्ली असते आणि तोंड झाकलेला एक अनोळखी पुरुष असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अलीकडच्या वर्षांचे अहवाल वेगळेच चित्र दाखवतात. नोंदल्या गेलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचे वचन देणारा, कामावरचा माणूस. जून २०२३ मधल्या दोन्ही घटनांत असेच होते. अनोळखी माणसाच्या नाकावर ठोसा मारणे तुलनेने सोपे असते. चुलत्याच्या मित्राला, वर्गातल्या मुलाला किंवा गुण देणाऱ्या शिक्षकाला ‘नाही’ म्हणणे फार अवघड असते. पहिल्या कामी मनगटाचे बळ लागते. दुसऱ्यासाठी लहानपणापासून अंगी मुरवलेली भीड मोडावी लागते आणि ती कोणत्याही पट्ट्याच्या परीक्षेत मोडत नाही.

याविषयी कॅनडात झालेले एक संशोधन कार्यकर्त्यांनी अवश्य समजून घ्यावे. तेथील विंडसर, ग्वेल्फ आणि कॅलगरी या तीन विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींचे दोन गट करण्यात आले. एका गटाला एकंदर बारा तासांचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे माहितीपत्रके. वर्षभरानंतर पाहता माहितीपत्रके मिळालेल्या गटात बलात्काराला बळी पडलेल्यांचे प्रमाण ९.८ टक्के होते. प्रशिक्षण घेतलेल्या गटात ते ५.२ टक्के होते. बलात्काराच्या प्रयत्नांचे प्रमाणही ९.३ वरून ३.४ टक्क्यांवर आलेले आढळले. हे निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या बारा तासांत हात-पाय चालवण्याचा भाग थोडाच होता. ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका वेळीच कसा ओळखावा, संकोच बाजूला सारून मोठ्याने कसे बोलावे, मनाविरुद्ध होणाऱ्या गोष्टीला ‘यात काय एवढे’ म्हणून मनातल्या मनात सूट देणे कसे थांबवावे आणि स्वतःला काय हवे, काय नको हे कसे ठरवावे, यावर सर्वाधिक भर होता. कॅनडाच्या विद्यार्थिनीची परिस्थिती भोरच्या विद्यार्थिनीला तंतोतंत लागू होणार नाही हे उघडच आहे. तरीही ‘शिकून काही उपयोग नाही’ म्हणणारे आणि ‘चार लाथा शिकल्या की झाले’ म्हणणारे, या दोघांनाही त्या आकड्यांनी उत्तर दिले आहे.

मग निव्वळ शारीरिक बळ कोठवर पुरते? याचे उत्तर त्याच २०२३ साली दिल्लीच्या जंतरमंतरवर मिळाले. जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलपासून तेथे ज्या मुली धरणे धरून बसल्या, त्यांच्याइतके बळ या देशात फार थोड्यांजवळ असेल. विनेश फोगाट जागतिक स्पर्धेत पदके मिळवलेली. साक्षी मलिक २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती. कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष आणि सत्ताधारी पक्षाचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांनी महिला मल्लांचा लैंगिक छळ केला, असा त्यांचा आरोप होता. सिंह यांनी तो नाकारला. या मुली कोणाही पुरुषाला आखाड्यात चीत करतील. पण निवड, शिबीर, परदेश दौरा आणि पुढची सारी कारकीर्द ज्याच्या हातात, त्याच्यापुढे डाव चालत नाही. तेथे पकड असते ती पदाची. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कोठे २८ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी गुन्हे दाखल केले. २८ मे रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी मोर्चा काढू पाहणाऱ्या या मल्लांना पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत नेले, ते सर्व देशाने पाहिले. एका प्रकरणात २०२४ च्या मे महिन्यात न्यायालयाने आरोप निश्चित केले. तेथवर प्रकरण आले ते धोबीपछाडने आलेले नाही. मल्ल एकत्र राहिल्या, खाप पंचायती, शेतकरी संघटना, महिला संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, वकील मिळाले, म्हणून आले.

यावरून ‘तर मग शिकायचेच कशाला’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. शरीर कमावण्याच्या परंपरेला या भूमीत समाजपरिवर्तनाचाही एक धागा आहे आणि तो पुढाऱ्यांच्या भाषणांत सहसा येत नाही. भोर-वेल्ह्याच्या कार्यक्रमांत कान्होजी जेधे, बाजीप्रभू, येसाजी कंक यांची नावे निघतात, ती निघावीतच. पण पुरंदराच्या पायथ्याच्या पेठ गावचे वस्ताद लहुजी साळवे यांचेही नाव निघावे. मातंग समाजात १७९४ साली जन्मलेल्या या माणसाच्या पुण्यातील तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा व निशाणबाजी शिकले. फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, पुढे अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, तेव्हा त्या कामाच्या पाठीशी लहुजींची तालीम उभी राहिली. शाळेत जाणाऱ्यांना दगड-शेण झेलावे लागत होते अशा दिवसांत त्या पाठबळाचे मोल फार मोठे होते. त्याच साळवे घराण्यातली मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकली आणि तिने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध प्रसिद्ध केला. तालीम आणि शाळा एकमेकींच्या आड येत नव्हत्या. तालमीमुळे शाळा उभी राहत होती.

इंग्लंडमध्येही असेच घडलेले आहे. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांना पोलिसांचा मार खावा लागे, तेव्हा १९१३ च्या सुमारास एडिथ गॅरड या जुजुत्सू शिक्षिकेने त्यांच्या अंगरक्षक पथकाला डाव शिकवले. त्या स्त्रिया एकेकट्या ‘स्वसंरक्षण’ शिकत नव्हत्या. आपल्या नेत्यांना अटकेपासून वाचवण्यासाठी, सभा चालू ठेवण्यासाठी शिकत होत्या. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर चाळीसच्या दशकात मुलगे आणि मुली लेझीम व कवायत करू लागले, त्यामागेही अशीच दृष्टी होती.

आजच्या शिबिरांची दृष्टी कोणती, हे तपासूनच मुलीने पाऊल टाकावे. काही ठिकाणी लाठी-तलवार शिकवण्याच्या निमित्ताने शत्रूही शिकवला जातो. त्याचा धर्म, त्याची वस्ती, त्याचे दुकान दाखवले जाते. घरातल्या, जातीतल्या, ओळखीतल्या माणसाविषयी मात्र तेथे चकार शब्द निघत नाही. गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांशी ही शिकवण किती विसंगत आहे, ते वर आलेच आहे. अशा शिबिरातून मुलगी निर्भय होत नाही. भलत्याच दिशेला पाहत भयभीत होते. शिवाय मुलीने कोणाशी बोलावे, कोणाबरोबर गडावर जावे, याचा पहारा करणारे नवे पहारेकरी तिला त्याच शिबिरातून मिळतात. (मर्दानी खेळ हे नावही या निमित्ताने तपासावे. कोल्हापुरात मुली तो खेळ उत्तम खेळतात. नाव तेवढे पुरुषांच्या मालकीचे राहिले आहे.)

खाजगी वर्गांची स्थितीही पाहिली पाहिजे. कराटेच्या संघटना इतक्या आणि त्यांच्यात भांडणे इतकी की २०२० साली जागतिक महासंघाने भारतातील राष्ट्रीय संघटनेची मान्यता तात्पुरती काढून घेतली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये असलेला हा खेळ २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून गळाला. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, त्याचे आमिष दाखवून काही ठिकाणी मुले जमवली जातात. त्या आरक्षणासाठी मान्य संघटनेच्या, ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतील प्रावीण्य लागते. गल्लीतल्या वर्गाने दिलेल्या रंगीत पट्ट्यावर नोकरी मिळत नाही, हे पालकांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. ज्याला नोकरीच्या दृष्टीने खेळ हवा, त्याने ज्युडो, कुस्ती, तायक्वांदो किंवा ॲथलेटिक्सकडे जावे आणि प्रथम संघटनेची मान्यता पाहावी. वर्ग चालवणारा कोण, त्याचे शिक्षण काय, वर्गात स्त्री प्रशिक्षक आहे का, पालकांना कधीही येऊन पाहता येते का, हे विचारायला लाजू नये. अंगाला हात लावून शिकवण्याच्या कलेत शिक्षकाच्या सचोटीला पट्ट्याच्या रंगाहून जास्त महत्त्व आहे.

एवढे सांगून झाल्यावर, भोर-वेल्ह्याच्या मुलीने वर्गाला जावे की नाही? जावे. मात्र आपण आता कोणालाही हरवू शकतो, अशा समजुतीने नव्हे. स्वतःच्या शरीराची लाज जाऊन त्याच्याशी मैत्री होते. ओरडायला, पळायला आणि वेळ आलीच तर मारायलाही जीभ आणि पाय अडखळत नाहीत. चार गावच्या चार मुली एकत्र येतात आणि एकमेकींचे ऐकतात. हा लाभ खराच आहे. आणखी एक लाभ कोणी बोलून दाखवत नाही: ‘कॉलेज बंद’ म्हणणाऱ्या बापापुढे ठेवायला मुलीजवळ एक युक्तिवाद येतो. हा युक्तिवाद दुधारी आहे, हेही खरे. आज तो ‘मी कराटे शिकते, मला जाऊ द्या’ असा आहे. उद्या ‘कराटे शिकली नाहीस तर कॉलेज नाही’ असा उलटेल, आणि एखादा प्रसंग घडलाच तर ‘शिकली होतीस ना, मग का नाही मारलेस?’ असा प्रश्न पोलीस ठाण्यातही विचारला जाईल. कायद्याने असा प्रश्न विचारायला जागा नाही. प्रतिकार करणे हा अधिकार आहे, ते पीडितेचे कर्तव्य नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३८ व्या कलमात तो अधिकार स्पष्ट आहे. बलात्काराच्या हेतूने हल्ला होत असेल तर हल्लेखोराचा मृत्यू घडण्यापर्यंत तो पोहोचतो. किती शिबिरांत हे कलम वाचून दाखवले जाते?

मुलांचे काय, हाही प्रश्न टाळता येणार नाही. तालमीत जाणाऱ्या मुलाला बळ कशासाठी, हे कोणी सांगत नाही. सदाशिव पेठेत पुष्कळ लोक नुसते पाहत होते आणि मोजके धावले. धावलेल्यांनी कराटेचे वर्ग केले होते की नाही, हे कोणी विचारले नाही, विचारण्याचे कारणही नव्हते. मदतीला जाण्याची सवय हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि मुलींचे शिबीर वेगळे काढून मुलांना घरी पाठवल्याने ती लागत नाही.

तालुक्यातील कार्यकर्त्यांनी करण्यासारखी कामे यातूनच दिसतात आणि ती फार खर्चाची नाहीत. महाविद्यालय सुटल्यापासून मुक्कामी गाडी सुटेपर्यंत जो वेळ असतो, त्याच वेळेत, महाविद्यालयाच्याच मैदानावर, विनाशुल्क वर्ग भरावा, अशी मागणी करावी. त्यासाठी स्त्री प्रशिक्षक मानधनावर नेमावी. ‘तालुका तेथे क्रीडा संकुल’ या जुन्या घोषणेचा हिशेब तहसील कचेरीत विचारावा. वर्गातला निम्मा वेळ बोलण्याला द्यावा. त्यात कायदा सांगावा, ओळखीच्या माणसाला नकार कसा द्यावा याचा सराव करावा आणि मुलांनाही त्यात बसवावे. एस. टी.च्या आगाराशी फेऱ्यांविषयी सतत पत्रव्यवहार करावा. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात गाड्या थांबल्या, तेव्हा डोंगरातल्या मुलींच्या शिक्षणाचे काय होते याचा अनुभव या तालुक्यांनी घेतलेला आहे. संपकऱ्यांच्या मागण्या न्याय्य होत्या. सार्वजनिक वाहतूक मोडकळीस आणणाऱ्या धोरणाची किंमत कामगार आणि विद्यार्थिनी या दोघांनीही मोजली.

शेवटची बाब महाविद्यालयातील अंतर्गत तक्रार समितीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे ती प्रत्येक महाविद्यालयात बंधनकारक आहे. वरिष्ठ प्राध्यापिका तिची अध्यक्ष असते, बाहेरची एक सदस्य असते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा लोकशाही पद्धतीने निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही समितीत बसतात. त्या तीन जागांची निवडणूक होते की प्राचार्यांच्या टेबलावर नावे भरली जातात, समितीचा फलक विद्यार्थिनींच्या विश्रामकक्षाबाहेर लावलेला आहे की कार्यालयातल्या कपाटामागे, आणि त्यावरचा दूरध्वनी क्रमांक लावून पाहिल्यास कोणी उचलते का, एवढे तरी येत्या सत्रात प्रत्येक महाविद्यालयात जाऊन पाहता येईल.